सांबा प्रिंट सर्व्हर आणि विंडोजच्या कोअर ड्रायव्हर फाइली : एका स्थलांतराचे प्रकरण

जुना विंडोज प्रिंट सर्व्हर बंद करून त्याच्या जागी लिनक्सवर सांबा (विंडोज यंत्रांना फाइली आणि प्रिंटर वाटणारे सॉफ्टवेअर) आणि कप्स (लिनक्सवरची छपाईची यंत्रणा) बसवायचे, एवढेच काम ठरले होते. साठेक डेस्कटॉप, जवळपास सगळे ६४ बिटी विंडोजचे, आणि वापरणाऱ्यांपैकी कुणालाही अ‍ॅडमिनचे अधिकार नाहीत. प्रिंटर दोन तऱ्हांचे. ए३ आकाराची दोन मल्टिफंक्शन यंत्रे, त्यांना उत्पादकाचाच ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर, लागतो. बाकीचे लेखाविभागात आणि मजल्यांवर विखुरलेले, पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा समजणारे लेझर प्रिंटर. संस्थेचे आणि उत्पादकाचे नाव इथे गैरलागू आहे. असेच कुठेही घडू शकते आणि घडते.

कप्सकडून प्रिंटरपर्यंत कागद नीट जात होता. रांगा तयार झाल्या, चाचणीची पाने निघाली. अडले ते पुढे. विंडोज वापरणाऱ्याने सर्व्हरवरच्या प्रिंटरवर दोनदा क्लिक केले की ड्रायव्हर आपोआप उतरला पाहिजे, ही जुन्या सर्व्हरची सवय सगळ्यांना लागलेली होती. सांबातही ती सोय आहे. प्रिंट$ नावाचा शेअर, म्हणजे नेटवर्कवर खुले केलेले फोल्डर, असतो, त्यात एक्स६४ हे ६४ बिटी यंत्रांसाठीचे फोल्डर असते, आणि ड्रायव्हर नोंदवला की त्याच्या फाइली आत ३ या आकड्याच्या उपफोल्डरमध्ये जातात. ३ म्हणजे ड्रायव्हरच्या रचनेची तिसरी आवृत्ती, विंडोज २००० पासून चालत आलेली. विंडोज ८ बरोबर चौथी आवृत्ती आली, पण सांबा ती वाटू शकत नाही. त्यामुळे उत्पादकाच्या संकेतस्थळावरून 'व्ही३' असे स्पष्ट लिहिलेलाच ड्रायव्हर घ्यावा लागतो, आणि हल्ली तो पानाच्या तळाशी शोधावा लागतो.

झिपमध्ये नसलेली फाइल

संस्थेच्या सिस्टिम अ‍ॅडमिनने उत्पादकाची झिप उघडली, आतल्या फाइली एक्स६४ मध्ये टाकल्या आणि सांबासोबत येणाऱ्या आरपीसीक्लायंट या साधनाची अ‍ॅडड्रायव्हर ही आज्ञा लिहायला घेतली. या आज्ञेला एकाच ओळीत बरेच काही सांगावे लागते: ड्रायव्हरचे नाव, मुख्य ड्रायव्हर फाइल, डेटा फाइल, सेटिंगच्या खिडकीची फाइल, मदतीची फाइल, लँग्वेज मॉनिटर (प्रिंटरशी संवाद साधणारी फाइल), डेटाचा प्रकार, आणि शेवटी स्वल्पविरामाने तोडलेली उरलेल्या फाइलींची यादी. मुख्य ड्रायव्हर फाइलीच्या जागी काय लिहायचे ते आयएनएफ या इन्स्टॉलेशनच्या सूचनांच्या फाइलीत सापडले: युनिडीआरव्ही.डीएलएल (डीएलएल म्हणजे विंडोज प्रोग्रॅमना लागणारी कोडची फाइल). सेटिंगच्या खिडकीसाठी युनिडीआरव्हीयूआय.डीएलएल. या दोन्ही फाइली झिपमध्ये नव्हत्या, आणि सांबाने आज्ञा नाकारली.

झिप अर्धवट उतरली असेल असे वाटून ती पुन्हा उतरवण्यात आली. तीत तेच होते. आयएनएफ, डिजिटल सहीचा कॅटलॉग, जीपीडी या मजकुरी फाइलींचा ढीग आणि उत्पादकाच्या दोन डीएलएल. झिप पुरी होती. कमतरता होती ती आपल्या अपेक्षेत. ड्रायव्हरच्या तिसऱ्या आवृत्तीत बहुतेक प्रिंटर उत्पादक संपूर्ण ड्रायव्हर लिहीतच नाहीत. पान रंगवण्याचे मुख्य यंत्र मायक्रोसॉफ्टचे असते. पोस्टस्क्रिप्ट नसलेल्या प्रिंटरांसाठी युनिड्राइव्ह, पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरांसाठी पीस्क्रिप्ट. उत्पादक फक्त नकाशा देतो, गाडी विंडोजची. कागदाचे आकार, ट्रे, रिझोल्यूशन, स्टेपल करता येते की नाही, हे सगळे युनिड्राइव्हसाठी जीपीडीत आणि पीस्क्रिप्टसाठी पीपीडीत लिहिलेले असते. या मायक्रोसॉफ्टच्या भागालाच कोअर प्रिंटर ड्रायव्हर म्हणतात. तो प्रत्येक विंडोजमध्ये एनटीप्रिंट.आयएनएफ या पॅकेजातून आधीच बसलेला असतो, म्हणून उत्पादकाची आयएनएफ त्याच्याकडे बोट दाखवून मोकळी होते. पॅकेजची जाण असलेल्या ड्रायव्हरच्या आयएनएफमध्ये तर 'कोअरड्रायव्हरडिपेंडन्सीज' अशी ओळच असते, आणि तिच्यापुढे कोअर ड्रायव्हरांचे ओळख क्रमांक.

विंडोज सर्व्हर असता तर हे कुणाच्या लक्षातही आले नसते. सर्व्हर स्वतःच विंडोज, म्हणजे कोअर त्याच्या घरातच. सांबाच्या घरात तो नाही आणि असूही शकत नाही. डिसेंबर २००७ मध्ये, मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या युरोपीय स्पर्धा खटल्याच्या निकालानंतर, मायक्रोसॉफ्टच्या प्रोटोकॉलांची कागदपत्रे सांबाला मिळावीत म्हणून प्रोटोकॉल फ्रीडम इन्फर्मेशन फाउंडेशन या ना-नफा संस्थेने १०,००० युरो एकरकमी भरून करार केला. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कागदपत्रे सर्वांसाठीच खुली केली. प्रिंटिंगचा प्रोटोकॉलही त्यात आहे, आणि 'तुझ्याकडे कोणते कोअर ड्रायव्हर आहेत' असे सर्व्हरला विचारण्याची पद्धतही त्यात नोंदलेली आहे. पण खुली झाली ती बोलण्याची रीत. डीएलएल फाइली मायक्रोसॉफ्टच्याच मालकीच्या राहिल्या. त्या कुठल्याही लिनक्स वितरणात भरून देता येत नाहीत. कप्सच्या जुन्या काळातली कप्सअ‍ॅडएसएमबी ही विंडोजसाठीचा ड्रायव्हर सांबात चढवणारी आज्ञाही म्हणूनच अडखळत असे. कप्स आपल्या दोनतीन फाइली देई, पण पीस्क्रिप्ट५.डीएलएल, पीएस५यूआय.डीएलएल, पीस्क्रिप्ट.एचएलपी आणि पीस्क्रिप्ट.एनटीएफ या चार फाइली विंडोज यंत्रावरून आणून, नावे लहान लिपीत करून, ठरल्या फोल्डरमध्ये तुम्ही स्वतः ठेवा, असे तिच्या मॅन (मदतीच्या) पानातच लिहिलेले असे.

कुठून आणायच्या

तीन वाटा समोर होत्या. पहिली म्हणजे नाव टाकले की डीएलएल देणारी संकेतस्थळे. ही वाट मुळात वाटच नाही. आपण जी फाइल प्रिंट$ मध्ये ठेवतो ती साठ यंत्रांच्या स्पूलर या छपाई सांभाळणाऱ्या सेवेत चढते, आणि ती सेवा सिस्टिमच्या अधिकाराने चालते. शिवाय विंडोजच्या अशा बऱ्याच फाइलींची सही त्यांच्या आत नसते, वेगळ्या कॅटलॉगमध्ये असते. सुटी डीएलएल हातात आली तर ती खरी की खोटी हे नुसते तिच्याकडे पाहून कळत नाही.

दुसरी वाट सर्वांत हाताशी असलेली, आणि अ‍ॅडमिनने तीच धरली. परवाना असलेल्या एखाद्या विंडोज यंत्रावर सिस्टिम३२ खालच्या स्पूल फोल्डरमध्ये ड्रायव्हर्स, एक्स६४, ३ असे उतरत गेले की सगळे तिथेच दिसते. त्याने जवळच्या डेस्कटॉपवरून युनिडीआरव्ही.डीएलएल, युनिरेस.डीएलएल आणि मदतीची फाइल उचलली. पण फाइली अजून अपुऱ्या होत्या, त्यामुळे सांबाने आज्ञा पुन्हा नाकारली. मग यादीत सुटलेल्या फाइली, म्हणजे युनिडीआरव्हीयूआय.डीएलएल, एसटीडीनेम्स.जीपीडी आणि एसटीडी अशाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या जीडीएल फाइली, त्या वेळी समोर असलेल्या दुसऱ्या यंत्रावरून आणल्या. ते यंत्र विंडोजच्या अद्ययावतींमध्ये (अपडेट्समध्ये) काही महिने पुढे होते.

त्यानंतर छपाई सुरू झाली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी लेखाविभागाच्या प्रमुख बाईंनी अ‍ॅडमिनला बोलावून घेतले. "अहो, दोन्ही बाजूंनी छापायचा पर्याय निवडायला जाते तर ही खिडकीच उघडत नाही." पडद्यावरचा संदेश या क्षेत्रातल्या लोकांच्या चांगल्या ओळखीचा आहे: अमुक पत्त्यावरच्या फंक्शनमुळे प्रोटेक्शन फॉल्ट झाला, कोड ०एक्ससी०००००५, काही प्रॉपर्टी पाने दिसणार नाहीत. हा संदेश दिसला की प्रिंटरकडे किंवा नेटवर्ककडे बघण्यात वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. आधी कोअर फाइलींच्या आवृत्त्या तपासाव्यात. पान रंगवणारी डीएलएल आणि खिडकी दाखवणारी डीएलएल एकमेकींशी आतल्या रचनांमधून बोलतात. त्या वेगवेगळ्या बांधणीच्या (बिल्डच्या) असल्या की हे बोलणे कुठेतरी चुकते. छापताना खिडकीवाली डीएलएल फारशी लागत नाही, म्हणून छपाई चालू आणि सेटिंग बंद, असे चमत्कारिक दृश्य दिसते.

सर्व्हरवर एक्झिफटूल हे फाइलींची माहिती वाचणारे साधन चालवून प्रत्येक डीएलएलची आवृत्ती काढली. खिडकीची फाइल बाकीच्यांपेक्षा पुढची निघाली.

नवी फाइल हटेना

दुरुस्ती सोपी वाटत होती. पहिल्या यंत्रावरून पूर्ण संच आणायचा आणि ड्रायव्हर पुन्हा नोंदवायचा. तसे केले, आज्ञेने यश कळवले, आणि खिडकी तशीच कोसळत राहिली.

याचे कारण सांबाच्या एका शहाण्या नियमात आहे. एक्स६४ मधल्या ३ या फोल्डरमध्ये उपफोल्डर नसतात. सगळ्या उत्पादकांचे सगळे ड्रायव्हर एकाच जागी, एकाच पातळीवर. दोन ड्रायव्हरांना एकच युनिडीआरव्ही.डीएलएल लागते आणि ती एकच तिथे असते. एकाच्या नोंदणीने दुसऱ्याची नवी फाइल मागे ढकलली जाऊ नये म्हणून सांबा आवृत्तीचा आकडा पाहतो, आणि तिथे आधीच असलेली फाइल अधिक नवी असली तर येणारी जुनी फाइल सोडून देतो. ज्या फाइलींत आवृत्तीचा आकडाच नसतो त्यांच्यासाठी बदलाची तारीख बघतो. जीपीडी या नुसत्या मजकुरी फाइली. कॉपी करताना त्यांच्या तारखा कशा टिकल्या किंवा बदलल्या, यावर कोणती राहणार हे ठरते. म्हणजे आपण पूर्ण संच चढवला असे आपल्याला वाटते, आणि प्रत्यक्षात तिथे दोन संचांची सरमिसळ कायम असते, तीही कसलीही सूचना न देता.

मग मागे जाऊन सगळे मोकळे करावे लागले. दोन्ही ए३ यंत्रांचे ड्रायव्हर त्यांच्या रांगांपासून आधी सोडवले, कारण रांगेला जोडलेला ड्रायव्हर काढू दिला जात नाही. त्यानंतर डेलड्रायव्हरएक्स ही ड्रायव्हर काढण्याची आज्ञा चालवली. ती फाइलीही पुसते, पण दुसरा ड्रायव्हर वापरत असलेल्या फाइली वगळून. म्हणून दोन्ही ड्रायव्हर काढणे भाग होते. एकच काढला असता तर नेमकी ती नको असलेली फाइल दुसऱ्याच्या आश्रयाने तिथेच राहिली असती. फोल्डर रिकामे झाल्याची खात्री डोळ्यांनी केली.

दुसऱ्यांदा फाइली हाताने उचलल्याच नाहीत. परवान्याचे एक स्वच्छ विंडोज व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरमध्ये चालणारा संगणक) घेतले, त्यावर उत्पादकाचा ड्रायव्हर नेहमीसारखा इन्स्टॉल केला, आणि विंडोजच्याच प्रिंट मॅनेजमेंट या साधनातून सांबा सर्व्हर जोडून ड्रायव्हर वर चढवला. यात लागणाऱ्या फाइलींची यादी विंडोज स्वतः करते आणि कोअरचा भाग आपल्याच कोठारातून, एकाच बांधणीचा, उचलते. त्यासाठी चढवणाऱ्या खात्याला सर्व्हरवर एसईप्रिंटऑपरेटरप्रिव्हिलेज हा अधिकार द्यावा लागतो. सांबा आपण विंडोजची कोणती आवृत्ती आहोत असे सांगतो, यावरही काही नवे ड्रायव्हर अडतात. ४.६ या आवृत्तीपासून तो स्वतःला विंडोज सर्व्हर २००३ आर२ म्हणवतो. तेवढ्याने भागले नाही तर एसएमबी.कॉन्फ या सांबाच्या सेटिंग फाइलीत स्पूलएसएस या छपाईच्या सेवेच्या ओएस_मेजर, ओएस_मायनर आणि ओएस_बिल्ड या ओळींनी पुढचा आकडा सांगता येतो. इथे ते करावे लागले.

प्रिंट मॅनेजमेंटची सोय ज्यांना नाही त्यांच्यासाठी तिसरी वाट उरते: सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हरस्टोअरच्या फाइलरिपॉझिटरीत एनटीप्रिंट.आयएनएफ_एएमडी६४ अशा नावाने सुरू होणारे फोल्डर. स्पूलच्या फोल्डरमध्ये इतर ड्रायव्हरांचा पसारा असतो. इथे संच वेगळा आणि पूर्ण असतो. अशी फोल्डरे एकाहून अधिक दिसली, तर त्यांतले एकच निवडायचे आणि सगळे त्यातूनच घ्यायचे.

अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागणारी खिडकी

खिडकी उघडू लागली, आणि मग खरा प्रश्न पुढे आला. चाचणी आतापर्यंत अ‍ॅडमिनच्या खात्याने होत होती. साध्या वापरकर्त्याने प्रिंटर जोडला की विंडोज अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागे.

याची मुळे दोन टप्प्यांत आहेत. जुलै २०१६ च्या एमएस१६-०८७ या सुरक्षा दुरुस्तीनंतर विंडोज पॅकेज नसलेल्या, म्हणजे सहीसह एकत्र न बांधलेल्या, सुट्या ड्रायव्हरांकडे संशयाने पाहू लागले. सांबा वाटतो ते सुट्या फाइलींच्या रूपात, म्हणून तो या संशयात सापडतो. पुढे २०२१ च्या उन्हाळ्यात प्रिंटनाइटमेअर या नावाने गाजलेली त्रुटी, सीव्हीई-२०२१-३४५२७, उघड झाली. १० ऑगस्ट २०२१ च्या अद्ययावतीपासून सर्व्हरवरून प्रिंटर ड्रायव्हर उतरवायला किंवा बदलायला अ‍ॅडमिनचेच अधिकार लागतात, हा विंडोजचा मूळ नियम झाला.

इंटरनेटवर यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे रजिस्ट्री या विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातील रिस्ट्रिक्टड्रायव्हरइन्स्टॉलेशनटूअ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ही किंमत ० करणे. तो चालतो. पण तसे करताना ज्या दारातून हल्ला होत होता तेच दार साठ यंत्रांवर उघडले जाते, आणि त्याला तोडीस तोड असा दुसरा बंदोबस्त नाही हे मायक्रोसॉफ्टनेही स्पष्ट लिहिले आहे. संस्थेच्या व्यवस्थापनाने हा उपाय नाकारला आणि ते बरोबरच केले.

मग दिशा उलटी केली. ड्रायव्हर सर्व्हरवरून खेचायचाच कशाला? उत्पादकाचे सहीसकटचे, हात न लावलेले पॅकेज यंत्र सुरू होताना सिस्टिमच्या अधिकाराने पीएनपीयुटिल या विंडोजच्या साधनाने त्याच्या ड्रायव्हर कोठारात घातले आणि अ‍ॅड-प्रिंटरड्रायव्हरने नोंदवले. इथे कोअरचा प्रश्नच उपस्थित होत नाही. आयएनएफ एनटीप्रिंटकडे बोट दाखवते, आणि तो त्या यंत्रावर त्याच्या स्वतःच्या बांधणीचा हजर असतो. वापरकर्ता सांबावरच्या प्रिंटरशी जोडला जातो तेव्हा त्याच नावाचा ड्रायव्हर घरातच सापडतो.

तरी काही यंत्रांवर पासवर्डची खिडकी येत राहिली. ती सगळी यंत्रे अद्ययावतींत मागे असलेली निघाली. सर्व्हरवर आणि यंत्रावर एकाच नावाची फाइल असेल आणि सर्व्हरवरची अधिक नवी असेल, तर विंडोज ती ड्रायव्हरची सुधारणा समजते, आणि सुधारणेला अ‍ॅडमिन लागतो. स्वच्छ व्हर्च्युअल मशीन अगदी ताजे होते; त्याच्या कोअर फाइली या मागे पडलेल्या यंत्रांपेक्षा पुढे होत्या. उत्पादकाच्या फाइली दोन्हीकडे तंतोतंत सारख्या असूनही ठिणगी पडत होती ती कोअरमुळे.

यातून निघालेला नियम अंतःप्रेरणेच्या विरुद्ध जातो. सर्व्हरवर ठेवायचा कोअर संच सर्वांत नव्या यंत्रावरून घ्यायचा नाही. वापरात असलेल्या, अद्ययावती अजून मिळत असलेल्या यंत्रांपैकी जे सर्वांत मागे आहे त्याच्या बांधणीचा घ्यायचा. यंत्रे पुढे गेली तर बिघडत नाही. सर्व्हर पुढे गेला की खिडकी येते. व्हर्च्युअल मशीन त्या बांधणीवर आणले, फोल्डर पुन्हा रिकामे करून ड्रायव्हर चढवला, आणि मागणी थांबली.

लेझर प्रिंटरांचे काय

पोस्टस्क्रिप्ट लेझरांसाठी हा सगळा खटाटोप पुन्हा करायची तयारी सुरू झाली होती. पीस्क्रिप्टच्या चार फाइली, पीपीडी, तीच आज्ञा. मी तेव्हा विरोध केला. हे लेझर प्रिंटर आयपीपी हा नेटवर्कवरून छपाईचा खुला प्रोटोकॉल समजतात, कप्स तर आयपीपीच बोलतो, आणि विंडोजमध्ये आयपीपीचा क्लास ड्रायव्हर, म्हणजे अनेक प्रिंटरांना चालणारा एकच ड्रायव्हर, अंगभूत आहे. ६३१ पोर्टवरच्या कप्सच्या रांगेचा पत्ता दिला की झाले. प्रिंट$ नको, सांबाही नको. लेझर प्रिंटरांकडून लागते ते दोन्ही बाजूंनी छापणे, ट्रे निवडणे, प्रती. हे सगळे तिथे मिळते. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने उत्पादकांचे व्ही३ आणि व्ही४ ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे घेण्याचे वेळापत्रकही जाहीर केले, त्यामुळे नव्याने कोअर फाइलींचा संसार थाटण्यात अर्थ नव्हता. संस्थेतले एआरएम प्रोसेसरचे मोजके लॅपटॉपही याच वाटेने सुटले. त्यांना एक्स६४ चा ड्रायव्हर चालतच नाही आणि ए३ यंत्रांच्या उत्पादकाकडे एआरएमचा व्ही३ ड्रायव्हर नव्हता.

ए३ यंत्रे मात्र जुन्याच वाटेवर आहेत. प्रत्येक विभागाचा खर्चाचा कोड छपाईच्या आधी विचारला जातो, तो उत्पादकाच्या खिडकीतून, आणि आयपीपीच्या वाटेने या यंत्रांवर तो पाठवता येत नाही. म्हणून प्रिंट$ अजून चालू आहे. शेअरच्या बाहेर, अ‍ॅडमिनच्या नोंदवहीत, तिथल्या प्रत्येक कोअर फाइलीची आवृत्ती, हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा ठसा) आणि ती कोणत्या बांधणीच्या मशीनवरून आली हे लिहिलेले आहे, आणि दर महिन्याच्या अद्ययावतीनंतर एक लहान स्क्रिप्ट त्या आवृत्त्या सर्वांत मागे असलेल्या डेस्कटॉपशी ताडून पाहते. नवा ड्रायव्हर चढवायचा झाला तर तो आधी वेगळ्या चाचणी सर्व्हरवर चढवतात आणि आरपीसीक्लायंटच्या एनमड्रायव्हर्सने फाइलींची यादी काढून बघतात. भाड्याचा करार संपला की बदली यंत्रे निवडताना खर्चाचा कोड आयपीपीतून घेता येतो का, ही अट निविदेत घालायचे ठरले आहे.